परीक्षेचा पालट

परीक्षा हा आपल्या सुशिक्षित घरांतून नित्य बोलला जाणारा विषय आहे. मुलाची दहावी झाली, पदवी हातीं आली, नोकरी लागली, म्हणजे परीक्षांचा ससेमिरा एकदांचा सुटला असें आईबापांस वाटतें. परंतु हल्लीं तसें घडत नाहीं. आठ-दहा वर्षें नोकरी केलेलीं, संसारांत पडलेलीं माणसें मुलांना निजवून रात्रीं स्वतः पुस्तकें उघडून बसतात. माझी एक भाची त्यांपैकींच आहे. पुण्यास संगणकाचीं सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या एका कंपनींत ती कामाला आहे. २०२४ सालच्या अखेरीस एका संध्याकाळीं ती माझ्याकडे आली, तीच मुळीं उतरलेल्या चेहऱ्यानें. हातांत टिपणांची जाडजूड वही होती. ती म्हणाली, "मामा, सहा महिने खपून मी सात प्रकरणं तयार केलीं, आणि आतां परीक्षा चारच प्रकरणांची झाली म्हणतात! क्लासवाल्यांनीं हें पैसे घेण्यापूर्वीं सांगायला नको होतं? माझ्या मेहनतीचं काय?"

तिच्या प्रश्नाचें उत्तर शोधतांना मला जें उमगलें, तें आज आपल्यापुढें मांडण्याचा माझा विचार आहे.

या परीक्षेचें नांव पी. एम. आय.-ए. सी. पी. असें आहे. अमेरिकेंत १९६९ सालीं स्थापन झालेली प्रॉजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट ही संस्था ती घेते. प्रॉजेक्ट म्हणजे नेमलेल्या मुदतींत आणि नेमलेल्या पैशांत तडीस न्यावयाचें एखादें काम. अशा कामांची व्यवस्था पाहणाऱ्यांची पात्रता पारखण्यासाठीं या संस्थेनें १९८४ सालीं पी. एम. पी. ही आपली पहिली परीक्षा सुरू केली. पुढें २०११ सालीं 'अजाइल' या नांवाने ओळखल्या जाणाऱ्या कार्यपद्धतीसाठीं ही परीक्षा निघाली. अजाइल म्हणजे चपळ. पुण्यामुंबईकडील पुष्कळ तरुण मंडळी या दोन्ही परीक्षांस बसतात.

आतां ही चपळ पद्धति म्हणजे काय, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. माझें स्वतःचें आयुष्य पूल बांधण्यांत गेलें. आमच्या धंद्यांत आधीं नदीचा तळ तपासावयाचा, मग नकाशे, मग खर्चाचा अंदाज, मग निविदा, आणि त्यानंतर प्रत्यक्ष कामास हात. खांब अर्धा उभा राहिल्यावर 'हा जरा चार हात उजवीकडे घ्या' असें कोणी म्हणेल, तर त्यास वेड्यांतच काढावें लागेल. पुलाच्या कामीं ही शिस्त योग्यच आहे. परंतु सॉफ्टवेअरचें काम तसें नव्हे. तेथें गिऱ्हाइकास काय हवें आहे हें पुष्कळदां त्याचें त्यालाच ठाऊक नसतें; कांहीं तरी डोळ्यांपुढें आलें म्हणजे मग तें सुचतें. शिवाय तेथें खांब हलविणें अगदींच अशक्य नसतें.

विन्स्टन रॉइस यांनीं १९७० सालीं एक निबंध लिहून मोठ्या संगणकीय कामाचे टप्पे एकाखालीं एक असे मांडून दाखविले. ही सरळ उतरंड जशीच्या तशी पाळणें धोक्याचें आहे, असा इशाराही त्यांनीं तेथेंच दिला होता. लोकांनीं चित्र तेवढें उचललें. इशारा मागें राहिला. पुढें १९८६ सालीं ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनीं नवीन वस्तु तयार करणाऱ्या मंडळींची तुलना रग्बीच्या संघाशीं केली. एकानें आपला टप्पा संपवून काम दुसऱ्याकडे ढकलावें असें न करतां, साऱ्या संघानें मिळून चेंडू पुढें न्यावा, असें त्यांचें म्हणणें होतें. 'स्क्रम' हें त्या खेळांतील नांव पुढें एका कार्यपद्धतीलाच मिळालें. अखेर फेब्रुवारी २००१ मध्यें अमेरिकेच्या यूटा संस्थानांत, स्नोबर्ड या ठिकाणीं, सतरा जण जमले आणि त्यांनीं एक लहानसा जाहीरनामा लिहिला. साधनें व ठराविक रीति यांपेक्षां माणसें व त्यांचा संवाद, जाडजूड कागदपत्रांपेक्षां चालतें काम, करारावरील घासाघिशीपेक्षां गिऱ्हाइकाचें सहकार्य, आणि आंखलेल्या बेतापेक्षां बदलाला दिलेला प्रतिसाद यांस अधिक मोल द्यावें, एवढाच त्याचा मथितार्थ. कागदपत्रें किंवा बेत निरुपयोगी आहेत, असें त्यांनीं मुळींच म्हटलें नाहीं.

या विचारानें चालणारे संघ एक-दोन आठवड्यांच्या लहान लहान पाळ्या पाडतात. प्रत्येक पाळीच्या शेवटीं कांहीं तरी उपयोगी पडेल असें काम गिऱ्हाइकापुढें ठेवतात, तें काय म्हणतें तें ऐकतात, आपलें कोठें चुकलें याचा आपसांत विचार करतात, आणि मग पुढची पाळी आंखतात.

श्रोतेहो, यांतील गंमत आपल्या ध्यानांत आली असेल. 'साधनांपेक्षां माणसें मोठीं' असें म्हणणाऱ्या विचाराची परीक्षा घ्यावयाची, आणि तीही चार पर्यायांतून एक निवडण्याच्या ठराविक रीतीनें! त्यामुळें ही परीक्षा आरंभापासूनच पेंचांत सांपडलेली आहे, आणि तिच्यांत वेळोवेळीं झालेले पालट हा त्या पेंचांतून वाट काढण्याचाच प्रयत्न आहे.

ते पालट पाहूं. आरंभींच्या आराखड्यांत शेंकडा ५० गुण साधनें व तंत्रें यांस होते, आणि उरलेले ५० ज्ञान व कौशल्यें यांस. म्हणजे तक्ते कसे भरावेत, कामाचा वेग कसा मोजावा, अंदाज कसा बांधावा, यालाच निम्मी परीक्षा दिलेली होती. २०१५ सालीं आराखडा बदलला आणि सात विभाग झाले. त्यांत तत्त्वें व मनोवृत्ति हा नवा विभाग आला आणि त्यास शेंकडा १६ गुण मिळाले. माझ्या भाचीचीं सात प्रकरणें तीं हींच. २०२४ सालीं सातांचे चार विभाग झाले: मनोवृत्तीस शेंकडा २८, नेतृत्वास २५, तयार करावयाच्या वस्तूच्या विचारास १९, आणि ती गिऱ्हाइकाच्या हातीं पोंचविण्याच्या कामास २८. पहिल्या दोहोंची बेरीज केली तर ती ५३ होते. निम्म्याहून अधिक परीक्षा आतां माणसाच्या वृत्तीची आणि माणसांशीं वागण्याची झाली.

हा ओघ एकाच परीक्षेंत दिसतो असें नाहीं. थोरल्या पी. एम. पी. परीक्षेंत पूर्वीं आरंभ, आंखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि समाप्ति असे कामाच्या क्रमानें पांच विभाग होते, आणि चार तासांत २०० प्रश्न सोडवावयाचे असत. २ जानेवारी २०२१ पासून ती चौकट मोडली. २३० मिनिटांत १८० प्रश्न आले. माणसांस शेंकडा ४२, कार्यरीतीस ५० आणि धंद्याच्या परिस्थितीस ८ असे भाग पडले. शिवाय सुमारें निम्मी परीक्षा चपळ किंवा मिश्र पद्धतीवर आधारलेली झाली. पूल बांधणाऱ्यांच्या परीक्षेंतही चपळ मंडळींनीं निम्मी जागा पटकावली म्हणा ना!

हे आंकडे कोणाच्या लहरीनें ठरत नाहींत. प्रत्यक्ष काम करणाऱ्यांची पाहणी करून, ते दिवसभर काय करतात याचा छडा लावून, त्यावरून आराखडा तयार करण्याची या संस्थेची प्रथा आहे. प्रश्नांचीही परीक्षा होते. ए. सी. पी.च्या १२० प्रश्नांपैकीं २० प्रश्नांस गुणच नसतात. ते केवळ अजमावून पाहण्यासाठीं घातलेले असतात. ते कोणते, हें अर्थात् परीक्षार्थ्यास कळत नाहीं.

पालटाचें मर्म एका उदाहरणानें स्पष्ट होईल. समजा, असा प्रश्न आला: 'संघापुढें १२० मापांचें काम शिल्लक आहे. दर पाळीस तो २० मापांचें काम उरकतो. किती पाळ्या लागतील?' उत्तर सहा. येथें भागाकार येणें पुरेसें आहे. आतां दुसरा प्रश्न घ्या: 'पाळी अर्ध्यावर आली असतां मोठें गिऱ्हाईक संघांतील एकास गांठून नवी मागणी करतें. आपण काय कराल?' ताबडतोब करून द्यावें, साफ नाकारावें, वरिष्ठांकडे तक्रार न्यावी, कीं कामांचा क्रम ठरविणाऱ्या जबाबदार माणसाशीं त्याची गांठ घालून द्यावी? चारही गोष्टी कचेऱ्यांतून रोज घडत असतात. स्क्रमच्या रीतीप्रमाणें चौथें उत्तर बरोबर आहे. कामाचा क्रम ठरविण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे असतो. चालू पाळीचें उद्दिष्ट धोक्यांत न आणतां नवी मागणी यादींत नोंदली जाते. आणि उद्दिष्टच निरर्थक झालें असेल, तर पाळी रद्द करण्याचा अधिकारही त्याच व्यक्तीस असतो. हें उत्तर पाठ करून येत नाहीं असें नाहीं. परंतु कारण समजलें नसेल, तर प्रश्नाचें रूप जरा बदलतांच पाठांतर फसतें.

म्हणून मी भाचीस सांगितलें, "तुझी वही फुकट गेलेली नाहीं. गिऱ्हाइकास काय मोलाचें वाटतें, संघ कसा बळकट होतो, अडचण लवकर कशी ओळखावी, हे तुझ्या सात प्रकरणांतले विषय या चार विभागांत निराळ्या नांवांनीं पुन्हां भेटतील. क्लासवाल्यांवरचा तुझा राग मात्र रास्त आहे. पालट होणार हें जाहीर झाल्यावर जुनीं टिपणें नव्या भावानें विकणें हा सचोटीचा व्यवहार नव्हे."

तिनें मला लगेच पेंचांत धरलें. "पण मामा, मनोवृत्ति कागदावर मोजतां येते का? परीक्षकाला काय ऐकायचं आहे तें ओळखून माणूस तसंच लिहील. कचेरींत जाऊन हाताखालच्या माणसांवर खेंकसेल तो खेंकसेलच!"

हा आक्षेप मला खोडून काढतां आला नाहीं, आणि अजूनही येत नाहीं. तंत्राची परीक्षा निःपक्षपातीपणें घेणें सोपें. परंतु कामांत खरें महत्त्व तंत्रास नसतें. वृत्तीस महत्त्व असतें. परंतु ती निःपक्षपातीपणें मोजणें महाकठीण. नवी परीक्षा महत्त्वाच्या गोष्टीच्या जवळ सरकली आहे, आणि त्याच मानानें तिच्या निकालावर भरंवसा किती ठेवावा हा प्रश्नही अधिक बिकट झाला आहे. त्यांतून उत्तीर्ण होण्यास नेमके किती गुण लागतात, हें संस्था जाहीर करीत नाहीं. माझ्या मतें प्रमाणपत्र एवढेंच सांगतें: या माणसानें योग्य वर्तन कोणतें तें ओळखलें आहे. तो तसें वागेल, ही हमी कोणताही कागद देऊं शकत नाहीं.

परंतु ओळखणें म्हणजे कांहींच नव्हे, असेंही मी म्हणणार नाहीं. आमच्या वेळीं हाताखालच्या मिस्त्र्याचें म्हणणें ऐकून घेणें हा साहेबाच्या स्वभावाचा भाग समजला जाई. असला तर त्या मिस्त्र्याचें नशीब! ती साहेबाची जबाबदारी आहे असें लिहून ठेवणें आणि तीवर प्रश्न विचारणें, हें पाऊल पुढचेंच म्हटलें पाहिजे. एका पुलावर पाया पाण्यांत किती खोल न्यावा याविषयीं एका जुन्या मिस्त्र्यानें मला दोनदां सुचविलें होतें. मीं नकाशाकडे बोट दाखवून त्याला गप्प केलें. पावसाळ्यानंतर तें काम पुन्हां करावें लागलें. त्या वर्षीं कोणी मला असा प्रश्न कागदावर जरी विचारला असता, तरी कदाचित् मीं त्याचें ऐकलें असतें.

ज्या घरांतून अशी परीक्षा देण्याचें घाटत असेल, त्यांस दोन शब्द सांगावेसे वाटतात. पैसे भरण्यापूर्वीं संस्थेनें स्वतः प्रसिद्ध केलेला चालू आराखडा वाचावा. तो विनामूल्य मिळतो, आणि क्लासच्या जाहिरातीपेक्षां अधिक खरा असतो. आपण ज्या सालच्या परीक्षेस बसणार, त्याच सालच्या आराखड्यावर टिपणें आधारलेलीं आहेत ना, हें पाहावें. आणि एकदां प्रमाणपत्र मिळालें म्हणजे संपलें, असेंही समजूं नये. तें टिकविण्यासाठीं दर तीन वर्षांनीं कांहीं नेमलेला अभ्यास केल्याचें दाखवावें लागतें. ज्या पद्धतीचा सारा भर बदलाला सामोरें जाण्यावर आहे, तिची परीक्षा एका जागीं थिजून राहिली असती, तर तेंच मोठें आश्चर्य झालें असतें.

माझ्या भाचीनें तीन-चार महिने अभ्यास लांबविला, आणि २०२५ सालीं ती परीक्षेस बसली. निकाल चांगला लागला; पेढेही आले. परंतु मला जें खरोखर आवडलें, तें त्याआधींच घडलें होतें. एका रात्रीं तिचा फोन आला. बैठकींत कधींच तोंड न उघडणाऱ्या सहकाऱ्याशीं कसें वागावें, असा एक प्रश्न ती सोडवीत होती. ती म्हणाली, "मामा, बरोबर उत्तर मला लगेच सांपडलं. आणि मग आठवलं, आमच्याकडे असा एक मुलगा आहे, आणि वर्षभरांत मीं त्याला एकदांही कांहीं विचारलेलं नाहीं."

दुसऱ्या दिवशीं तिनें त्याला विचारलें. त्यानें काय सांगितलें हें मला ठाऊक नाहीं. परंतु गुणपत्रिकेंत न दिसणारा तो एक गुण तिला त्या दिवशींच मिळाला, असें मी समजतों.