पाळी सुटल्यानंतरची कविता

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



चाकणच्या औद्योगिक वसाहतीतून दुसरी पाळी संपवून कंपनीची बस रात्री भोसरीकडे निघते, तेव्हा तिच्यातले निम्मे तरुण झोपलेले असतात आणि एखादा मोबाइलवर काहीतरी टिपत असतो. तो घरी निरोप पाठवीत असावा, असे शेजाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात तो ओळी जुळवीत असतो. या लेखनाला तो ‘रॅप’ म्हणतो. हा शब्द ऐकताच चळवळीतील ज्येष्ठ मंडळींच्या कपाळाला आठी पडते. परदेशी थेर, आरडाओरड, शिवीगाळ असा शेरा मारून विषय संपविला जातो. तो इतक्या लवकर संपविणे परवडणारे नाही. ज्या वर्गाच्या नावाने चळवळ चालते, त्याच वर्गाची मुले आज या प्रकारात बोलू लागली आहेत.

रॅपचा जन्म श्रीमंतांच्या दिवाणखान्यात झाला नाही. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील एका इमारतीत, जमैकाहून आलेल्या कुटुंबातील क्लाइव्ह कॅम्पबेल ऊर्फ कूल हर्क या तरुणाने बहिणीच्या समारंभात ध्वनिमुद्रिकेतला केवळ तालवाद्यांचा तुकडा पुन्हापुन्हा वाजविला. या नव्या कलेचा आरंभ तेथून मानला जातो. द्रुतगती महामार्गासाठी ब्राँक्समधील वस्त्या उद्ध्वस्त झाल्या होत्या, कारखाने निघून गेले होते, बेकारी वाढली होती. वाद्ये घेण्यास पैसा नव्हता. जुन्या तबकड्या आणि माणसाचा आवाज एवढ्याच भांडवलावर ही कला उभी राहिली.

पिंपरी-चिंचवडचा इतिहास वरवर पाहता याच्या अगदी उलट आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आले, पुढे आकुर्डी-भोसरीत मोटारी व स्कूटरी बनू लागल्या आणि १९८२ मध्ये येथे महानगरपालिका झाली. नंतर हा पट्टा चाकणपर्यंत पसरला. ब्राँक्समधून कारखाने गेले, येथे ते येतच राहिले. पण कारखान्याबरोबर कायम नोकरी येईनाशी झाली. बीड, लातूर, परभणीहून आय.टी.आय. करून आलेला मुलगा कंत्राटदाराच्या हजेरीपटावर लागतो किंवा शिकाऊ म्हणून राबतो. सात-आठ महिने भरत आले की त्याला ‘ब्रेक’ मिळतो. एकाच यंत्रावर शेजारी उभ्या असलेल्या कायम कामगाराचा पगार त्याच्या कितीतरी पट असतो. ब्राँक्सच्या मुलाला नाकारले गेले बाहेर ठेवून, चाकणच्या मुलाला आत घेऊन. त्याच्या ओळींमधला राग येथून येतो.

हा प्रकार मराठीला परका आहे काय? याच पट्ट्याच्या एका कडेला देहू आहे आणि दुसऱ्या कडेला आळंदी. वाण्याचे दुकान चालविणाऱ्या तुकोबांनी सहा-सहा-सहा-चार अक्षरांच्या मोजक्या चौकटीत जगाशी भांडण मांडले. अठराव्या शतकात अमृतरायांनी कटाव रचले. अनुप्रासांची माळ लावून एका दमात, द्रुत लयीत म्हणावयाची ही रचना आजच्या रॅपची सख्खी चुलती शोभेल. शेजारच्या मुळशी तालुक्यातील बायकांच्या जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ यांनी गावोगाव हिंडून गोळा केल्या. पुढे अनेक जिल्ह्यांत पसरलेल्या त्या संग्रहाची संख्या लाखावर गेली. त्या ओव्यांत अक्षरांची संख्या ठरलेली नसते. ठरलेला असतो तो जात्याचा फेरा, आणि ओळ कमी पडली तर स्वर लांबवून ती फेऱ्यात बसविली जाते. रॅपचे शास्त्र नेमके हेच आहे. चार ठोक्यांचे एक आवर्तन, अशी साधारण सोळा आवर्तने मिळून एक कडवे. ठोका पक्का, अक्षरे मोकळी.

तेव्हा कारागिरीचा विचार कारागिरी म्हणूनच झाला पाहिजे. मराठी वाक्य क्रियापदावर संपते. त्यामुळे ‘येतो-जातो’, ‘केला-गेला’ अशी यमके फुकट मिळतात आणि नवशिका त्यांतच अडकतो. जाणता लेखक क्रियापद मध्ये सरकवितो आणि ओळीचा शेवट नामावर आणतो. मग ‘पाळी’ या शब्दाला ‘टाळी’ जोडायची, ‘जाळी’ जोडायची की ‘आरोळी’, याचा विचार करावा लागतो, आणि त्या विचारातून अर्थाला नवी दिशा फुटते. ओळीच्या पोटातही यमक पेरता येते. श्वास कोठे घ्यावयाचा हे लिहितानाच ठरवावे लागते. आणि सर्वांत कठीण भाग म्हणजे आपण पाहिलेलेच लिहिणे. न पाहिलेल्या मोटारी, न मिळविलेला पैसा आणि स्त्रीला तुच्छ लेखणारी मर्दुमकी यांवर आज पुष्कळ रॅप लिहिला जातो. तो वाईट आहे, कारण तो उसना आहे. प्रेस शॉपमध्ये बोट गमावलेल्या सोबत्याविषयीच्या चार खऱ्या ओळी त्याहून मोलाच्या.

परंतु केवळ प्रतिभेच्या बळावर कला जगत नाही, तिला वेळ लागतो. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर वेळ हेच कामगार-कवीचे पहिले भांडवल. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. मुंबईच्या कामगार वस्त्यांत पुढे जी शाहिरी, भजनी मंडळे आणि नाटके फुलली, त्यांना अवकाश मिळाला तो अशा लढ्यांनी. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले ते याच वस्त्यांच्या आधाराने. गिरणीत आणि शाळेत शिपाई म्हणून काम केलेले नारायण सुर्वे पुढे १९९५ मध्ये परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. आज आठ तासांची पाळी, सक्तीचा जादा वेळ आणि बसचा प्रवास यांनंतर भाड्याच्या खोलीत पाच जणांबरोबर राहणाऱ्या मुलाजवळ उरते काय? म्हणून कंत्राटी पद्धतीविरुद्धचा लढा हा सर्जनाच्या हक्काचाही लढा आहे.

या मुलासमोर दोन दरवाजे उघडे दिसतात. पहिला बाजाराचा. पुण्याच्या ताडीवाला रस्त्यावरच्या वस्तीतला एम. सी. स्टॅन २०२३ मध्ये ‘बिग बॉस’ जिंकून घराघरांत पोचला. त्याच्या कष्टांचे कौतुक केलेच पाहिजे. पण एकाच्या यशाची सोडत दाखवून हजारांना रांगेत उभे करणे, ही बाजाराची जुनी रीत आहे. दुसरा दरवाजा पोलीस ठाण्याचा. एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोन तरुणांवर त्यांच्या राजकीय रॅपगीतांवरून गुन्हे नोंदविले गेले. ज्या शब्दांची सत्तेला दखल घ्यावी लागते, त्या शब्दांना ‘थेर’ म्हणण्याचा अधिकार चळवळीला उरत नाही.

तिसरा दरवाजा चळवळीने उघडावयाचा आहे. युनियनच्या कार्यालयातली एक खोली आठवड्यातून एक संध्याकाळ या मुलांना द्यावी. तेथे तुकोबांची गाथा, सुर्व्यांचे संग्रह आणि ओव्यांची पुस्तके ठेवावीत. गुन्हा दाखल झाल्यास वकील द्यावा. मात्र एक पथ्य कसोशीने पाळावे. निवडणूक आली म्हणून त्यांच्याकडून प्रचाराची गाणी मागू नयेत, आणि त्यांनी युनियनवरच टीका केली तर खोलीला कुलूप लावू नये. पुढाऱ्याला न दुखविणारे गाणे कामगारालाही हलवीत नाही.

जानेवारी २०१६ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पिंपरी-चिंचवडमध्ये भरले. मोठा मांडव पडला, ग्रंथदिंडी निघाली, आणि चार दिवसांनी मांडव उतरला. पाळ्या त्या चार दिवसांतही चालू होत्या, त्या आजही चालू आहेत. रात्रीच्या बसमध्ये मोबाइलवर ओळी टिपणारा तो मुलगा कोणाच्या निमंत्रणाची वाट पाहात नाही. त्याचे थांबण्याचे ठिकाण आले, की शेजारी बसलेल्या कार्यकर्त्याने त्याला एवढेच विचारावे, “काय लिहिलेस? वाचून दाखव.”