चामड्याची शिवण : आईचे काम, माझा छंद

(महिला मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



'माझा छंद' या विषयावर बोला, असे मला सांगण्यात आले आहे. मी चामडे शिवते आणि रंगवते. शाळेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून दुपारचे दोनेक तास मी यात घालवते. चष्म्याचे घर, पाकीट, वहीचे वेष्टन असल्या लहान वस्तू करते. विकत नाही, ओळखीपाळखीत देऊन टाकते. हल्ली शहरांत याची दोन दिवसांची शिबिरे होतात, बायका फी भरून शिकायला येतात. मला त्यात काही वावगे वाटत नाही. बाईला स्वतःचे म्हणून दोन तास मिळणे किती कठीण असते, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण मी चर्मकाराची मुलगी आहे. मी ज्याला छंद म्हणते ते माझ्या आईचे काम होते, आणि त्याला काम असेही कुणी म्हणत नव्हते.

आधी हे काम चालते कसे ते सांगते, कारण त्यातले कष्ट आणि कसब कळल्याशिवाय पुढचे बोलणे पोकळ होईल.

कापडात सुई आपसूक जाते, चामड्यात जात नाही. आधी आरीने भोक पाडावे लागते. कडेपासून सारख्या अंतरावर रेघ ओढायची, तिच्यावर खुणा करायच्या आणि आरी तिरकी न होऊ देता आरपार न्यायची. दोरा एकच, पण त्याच्या दोन्ही टोकांना सुया. शिवणीच्या लांबीच्या साधारण चौपट दोरा घ्यायचा, मेणावरून दोन-तीनदा ओढायचा. मग एकाच भोकातून एक सुई इकडून, दुसरी तिकडून, आणि दोन्ही हातांनी सारखा ताण. मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकलेले असतात. त्यातला एक तुटला की शिवण उसवत जाते. दोन सुयांच्या शिवणीत एखादा टाका झिजला तरी शेजारचे टाके धरून राहतात. जुन्या पद्धतीच्या कोल्हापुरी चपलेत तर दोराही नसतो. चामड्याचीच बारीक वादी ओवतात, खिळा कुठेच मारत नाहीत.

रंगाचे मला अजून नवल वाटते. मी वापरते ते झाडाच्या सालीने कमावलेले चामडे. कोल्हापूरकडची जुनी रीत अशी, की कातडे पिशवीसारखे शिवायचे, त्यात बाभळीच्या सालीचे आणि हिरड्याचे पाणी भरायचे आणि टांगून ठेवायचे. अशा चामड्याला काळे करायला बाजारचा रंग लागत नाही. गंजके खिळे व्हिनेगरमध्ये आठ-दहा दिवस ठेवते, झाकण सैल ठेवून. ते पाणी गाळून फडक्याने चामड्यावर फिरवले की तपकिरी चामडे डोळ्यांदेखत काळे होते. लोखंडी विळीवर आवळा चिरला की काळा पडतो ना, तेच हे. आवळ्यातले तुरट द्रव्य आणि विळीचे लोखंड. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात तसलेच तुरट द्रव्य असते. नंतर सोड्याच्या पाण्याने पुसायचे आणि तेलाचा हात द्यायचा, नाहीतर चामडे कोरडे पडून तडकते. विळीवर बसणाऱ्या बाईला हे रसायनशास्त्र ठाऊकच असते, फक्त तिला कुणी ते रसायनशास्त्र आहे असे सांगितलेले नसते.

आता आईविषयी. आमचे घर कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. वडील तळ कापायचे, ठोकायचे, गिऱ्हाइकाशी बोलायचे. आई, काकू आणि आत्या पट्ट्यांवरच्या वेण्या घालायच्या, शिवायच्या. चूल, पाणी, पोरे आवरून दुपारी बसायच्या त्या दिवेलागणीपर्यंत. शनिवारी व्यापारी माल न्यायला यायचा, पैसे वडिलांच्या हातात द्यायचा. खानेसुमारीवाला आला आणि बाई काय करते म्हणून त्याने विचारले, तर उत्तर ठरलेले, 'घरीच असते.' आईसुद्धा हेच सांगायची.

मला मात्र घरात कुणी आरी हातात धरू दिली नाही. निवृत्तीनंतर मी काकूकडे जाऊन शिकले. आई तेव्हा ऐंशीच्या पुढची होती. मला आरी घेऊन बसलेली बघून म्हणाली, "ह्यातनं भाईर पडावं म्हून तुला शिकीवली, आन् तू परत हेच घेऊन बसलीस व्हय गं?" मला तिची समजूत काढता आली नाही. ती चुकीचे बोलत होती असेही मला वाटत नाही. जातीने लादलेले काम टाकून देणे ही दलित वस्त्यांत मुक्तीची पायरी होती. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडायला सांगितले. पुढे गावोगाव लोकांनी मेलेली जनावरे ओढण्याचे काम टाकले, त्यासाठी बहिष्कार सोसला, मार खाल्ला. हे काम करायचे की नाही, असे आईला कधी कुणी विचारले नव्हते. मी आज ते आवडीने करू शकते, कारण माझ्यापाशी पेन्शन आहे.

आणि मी शिकलेली, नोकरी केलेली असले तरी जात सुटते असे नाही. एका ओळखीच्या बाईंना मी चष्म्याचे घर करून दिले. त्यांना फार आवडले. 'वर्कशॉप कुठे केलेत?' म्हणून त्यांनी विचारले. काकूकडे शिकले, आमच्या घरचाच धंदा, म्हटल्यावर त्या गप्प झाल्या. ते घर पुन्हा त्यांच्या पर्समध्ये मला दिसले नाही. चामडे तेच, टाकाही तोच. फी भरून शिकले असते तर चालले असते.

२०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाल्याचे जाहीर झाले. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आहेत. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशाच चपला दाखवल्या. त्यावर ओरड झाली, तेव्हा ही प्रेरणा भारतीय चपलेची आहे असे कंपनीने मान्य केले. ओरड व्हायलाच हवी होती. पण त्या सगळ्या चर्चेत 'कारागीर बांधव' हा शब्द मी इतक्यांदा ऐकला, की वेण्या घालणाऱ्या बायका कुठे गेल्या असा प्रश्न पडला. आपल्या घरच्या चोरीबद्दल कुणी ओरडत नव्हते.

सरकारी योजनेतही तेच. २०२३ मध्ये सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत चर्मकार कामाचा समावेश आहे. प्रशिक्षण, स्वस्त कर्ज, अवजारांसाठी १५,००० रुपये. चांगले आहे. पण नियम असा की एका कुटुंबातून एकाच व्यक्तीची नोंद होईल, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको, अविवाहित मुले. आता सांगा, घरात दोघे काम करतात तेव्हा नोंद कुणाची होणार? घरबसल्या काम करणाऱ्यांना इतर कामगारांइतकेच हक्क मिळावेत म्हणून आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये १७७ क्रमांकाचा करार केला. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

एक गोष्ट तब्येतीची. आता बऱ्याच घरी शिवणीच्या जागी चिकटवायचे सोल्युशन आले आहे. काम लवकर उरकते. पण ते एकाच खोलीत, दार लावून, पोर शेजारी झोपलेले असताना वापरले जाते. १९६० च्या दशकात जपानमध्ये घरी बसून सँडल चिकटवणाऱ्या कामगारांच्या हातापायांतली ताकद गेली होती. कारण निघाले गोंदातले हेक्सेन नावाचे द्रावण. वस्त्यांत काम करणाऱ्या मैत्रिणींनी निदान एवढे तरी बघावे, की सोल्युशन उंबऱ्याबाहेर, उघड्यावर वापरले जाते का. मीसुद्धा स्पिरिटचे रंग लावते तेव्हा खिडकी उघडते. मला खिडकी आहे.

आपल्या गटांपैकी दोघींनी मला विचारले की चामडेकामाचे शिबिर घेऊ या का. जरूर घेऊ. शिकवायला माझ्या काकूसारख्या बायकांना बोलवू, शहरातला शिक्षक घेतो तेवढे मानधन त्यांना देऊ, आणि ते त्यांच्या स्वतःच्या खात्यावर जमा करू. हस्तशिल्प विकास आयुक्तालयाचे कारागीर ओळखपत्र असते. शिबिराच्या दिवशीच त्याचे अर्ज बायकांच्या नावाने भरून घेऊ. काकू यायला तयार आहे. तिची अट एकच, संध्याकाळच्या एस.टी.ने परत सोडायचे.

मागच्या टेबलावर मी चामड्याचे तुकडे, आऱ्या, मेण आणि सुया ठेवल्या आहेत. जेवणानंतर ज्यांना शिवून बघायचे असेल त्यांनी या. वास घेऊन बघा, हात लावून बघा. आरी मात्र स्वतःच्या बोटाकडे रोखून धरू नका.