गावच्या रस्त्याचा धनी कोण?



फाट्यावर एसटीतून उतरून गावाकडं चालू लागलं, की पायाखालचा रस्ता कुणाच्या ताब्यात आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना सांगता येतं. "सरकारचा" एवढं उत्तर मिळतं. ते अपुरं पडतं, आणि मग खड्ड्यांचा अर्ज या कचेरीतून त्या कचेरीत फिरत राहतो.

डिसेंबर १९४३ मध्ये देशातले मुख्य अभियंते नागपूरला जमले आणि त्यांनी वीस वर्षांची रस्ते योजना आखली. तिथं ठरलेली उतरंड आजही चालते. राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि सगळ्यांच्या तळाशी ग्रामीण मार्ग. १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि खालचे रस्ते त्यांच्याकडं आले. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभाग पाहतो. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग. गावठाणातल्या गल्ल्या ग्रामपंचायतीच्या. शेताकडं जाणारी वहिवाटीची वाट कुणी नांगरून बंद केली, तर दाद मागायची तहसीलदाराकडं. त्यासाठीचा मामलेदार न्यायालयांचा कायदा १९०६ पासून आहे.

आपल्या गावांचे कितीतरी रस्ते १९७२ च्या दुष्काळात झाले. खडी फोडायला बसलेल्या बायकांच्या हातांनी झाले. पुढं १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, आणि दुष्काळी कामाचा मातीरस्ता ही आपल्या खेड्यांची ओळख बनली. २५ डिसेंबर २००० ला प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आली. सपाटीवर पाचशे आणि डोंगराळ, आदिवासी भागात अडीचशे लोकसंख्येच्या वस्त्यांना बारमाही रस्ता द्यायचा, असं तिचं उद्दिष्ट. या योजनेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी अट मात्र डांबराची नाही. रस्ता बांधणाऱ्या ठेकेदारानंच पुढची पाच वर्षं त्याची देखभाल करायची, ही ती अट. रस्त्याकडेच्या फलकावर या पाच वर्षांची नोंद असते. फलक वाचावा, तारखा टिपून ठेवाव्यात, आणि मुदत संपण्याआधी मोडतोड लेखी कळवावी. सहाव्या वर्षापासून रस्त्याला पैसा हवा तर तो इतर शेकडो रस्त्यांबरोबर रांगेत उभा राहतो.

पैशाची भाषा आकड्यांची आहे. रस्ते-पुलांच्या दुरुस्तीचं, महसुली खर्चाचं लेखाशीर्ष ३०५४ आणि भांडवली कामाचं ५०५४. पंचायत समितीच्या आवारात हे आकडे सरपंचांच्या तोंडी असतात. नव्या कामाचा नारळ फुटतो, त्याचा फोटो छापून येतो. तुंबलेली मोरी मोकळी केली, तर फोटो कोण काढणार? म्हणून दुरुस्तीचा निधी नेहमी कमी पडतो, आणि जो येतो तोही मोठे खड्डे बुजवण्यात जातो.

खरं तर खड्डा ही शेवटची पायरी आहे. रस्ता मरतो तो पाण्यानं. मधला भाग उंच आणि दोन्ही कडांना उतार, हा आकार टिकला तर पाणी बाजूच्या गटारात जातं. साईडपट्टीवर गवत-माती साचून ती रस्त्यापेक्षा वर आली, की पाणी डांबरावरच थांबतं, फटीतून खाली उतरतं. आपल्याकडं खाली बहुधा काळी माती. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि वरची खडी हलते. तीन-पावणेचार मीटर रुंदीच्या अशा रस्त्यावरून उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर गेला, की पुढचं सांगायला नको.

पूर्वी बांधकाम खात्याच्या रस्त्यांवर मैलकुली असत. आपल्या नेमून दिलेल्या टप्प्यात फावडं-घमेलं घेऊन फिरायचं, साईडपट्टी खरडायची, मोरीच्या तोंडातला गाळ काढायचा, छोटा खड्डा छोटा असतानाच भरायचा. या माणसांची संख्या घटत गेली आणि कामं निविदेवर आली. निविदा निघते ती मोठ्या कामाची. दोन घमेली मुरूम आज, या पावसात, इथं टाकायचा आहे, हे अंदाजपत्रकात बसत नाही. मैलकुलीची जागा आपण रिकामी ठेवली, आणि त्याची किंमत दर पावसाळ्यात आजारी माणसाला खाटेवरून नेणारी गावं मोजतात.

आपल्या हातूनही नुकसान होतं, ते स्पष्ट बोललं पाहिजे. पाइपलाइनसाठी रस्ता आडवा फोडून तसाच ठेवणं, बांध कोरत कोरत गटार शेतात घेणं, ठिबकच्या नळ्या टाकताना मोरी बुजवणं, हे सरकार करत नाही.

तेव्हा एक विनंती. १ मे च्या ग्रामसभेत रस्त्याचा विषय घ्या. पावसाला महिनाभर अवकाश असतो. रस्त्याचा क्रमांक बांधकाम उपविभागातून मागून घ्या. ग्रामीण मार्ग की इतर जिल्हा मार्ग, ते त्यावरून कळेल. मग चार जणांनी चालत जाऊन कुठली मोरी तुंबली, कुठं गटार बुजलं, कुठल्या वळणावर पाणी साचतं हे लिहून काढा, आणि तो कागद ठरावासह उपअभियंत्यांकडं द्या. पोच घ्यायला विसरू नका.