घरच्या स्पीकरची पेटी

घरी स्पीकर बांधताना बरेच जण आधी पेटी करतात आणि मग तिच्यात बसेल तो वूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर, शोधतात. क्रम उलटा हवा. ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१मध्ये आणि पुढे १९७०च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी वूफरवरून पेटी ठरवण्याचं गणित मांडलं. वूफरच्या माहितीपत्रकात एफएस, क्यूटीएस आणि व्हीएएस हे आकडे दिलेले असतात. पेटी किती लिटरची, हे त्यांवरून ठरवा.

आता पेटीला बसवायची नळी. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की घुमारा उठतो ना, तेच तत्त्व इथे आहे. नळी लांब केली की तो सूर उतरतो, रुंद केली की चढतो. त्या सुराला वूफरचा पडदा जेमतेम हलतो, खर्ज मुख्यतः नळीतून येतो. त्याहून खालच्या सुरांना मात्र पडद्याला हवेचा आधार उरत नाही. तिथे आवाज वाढवला तर वूफर जायबंदी होतो. म्हणून नळी आधी जरा लांबच ठेवा आणि मोजत मोजत कापा.

वरच्या सुरांच्या ट्वीटरला खर्ज सोसत नाही, त्यासाठी सूर विभागणारा क्रॉसओव्हर. आठ ओहमचा ट्वीटर ३००० हर्ट्झला विभागायचा, तर सुमारे ६.६ मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर सिरीजमध्ये जोडा. ट्वीटरचा रोध सुरागणिक बदलतो, तेव्हा हा आकडा सुरुवातीपुरता धरा.

पेटीसाठी प्लायवूड १८ मिलिमीटरचं घ्या आणि सगळे सांधे हवाबंद करा.