नवा व्यवसाय आणि भागीचा कागद



नवा व्यवसाय आरंभिताना कायद्याचा विचार कसा करावा, ह्या विषयावर बोलण्याची आज्ञा मंडळाच्या चालकांनी मला केली, तेव्हा प्रथम संकोचच वाटला. वकील कायद्यावर बोलू लागला की श्रोत्यांनी जांभया द्यावयाच्या, असा साधारण रिवाज आहे. म्हणून परवाने, जीएसटी, दुकानाची नोंदणी यांची जंत्री मी वाचणार नाही. ती कोणीही चांगला करसल्लागार आपणांस देईल. मला बोलावयाचे आहे ते अशा एका कागदाविषयी, जो आपल्या घरांत बहुधा लिहिलाच जात नाही.

आपल्यातील कितीतरी दुकाने दोघांच्या भागीत उभी राहतात. कोणी मेहुणा असतो, कोणी मावसभाऊ. एक पैसा घालतो, दुसरा राबतो. लेखी करार करा म्हटले की लगेच उत्तर येते, “अहो, आपल्यात कागद कशाला?” माझ्या वडिलांनी व त्यांच्या आतेभावांनी नगरच्या कापडबाजाराजवळ पत्र्याच्या पेट्यांचे दुकान काढले, तेव्हा त्यांच्याही तोंडी हेच वाक्य होते. 1986 साली एका व्यापाऱ्याने बराच माल उधारीवर नेला आणि पैसे बुडविले. दावा लावला. प्रतिपक्षाच्या वकिलाने एकच हरकत घेतली, की ही पेढी नोंदलेली नाही. 1932 च्या भागीदारी कायद्याच्या 69 व्या कलमान्वये, नोंदणी नसलेल्या पेढीला आपल्या कराराच्या आधारे तिऱ्हाइतावर दावा लावता येत नाही. दावा फेटाळला गेला. नोंदणी करून पुन्हा लावावा, तर तीन वर्षांची मुदत उलटून गेलेली.

पैसे गेले, ते सोसता आले असते. परंतु चूक कोणाची, ह्यावरून दोघांत शब्दाला शब्द लागला आणि दुकान मोडले. आता आपसांतला हिशेब मागावा तर कोर्टाचे तेही दार बंद! भागी मोडल्यावर हिशेब मागण्याची मुभा मूळ कायद्यात नोंदणी नसलेल्यांसही होती. ती महाराष्ट्राने 1984 च्या दुरुस्तीने काढून घेतली. लोकांनी नोंदणी करावी हा हेतू चांगला असेल, पण शिक्षा फारच कठोर होती. 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद घटनाबाह्य ठरविली. आमच्या घरास त्याचा उपयोग होण्याची वेळ केव्हाच टळली होती. वडिलांच्या आत्याबाई वारल्या, तेव्हा ज्या आत्याने त्यांना लहानपणी सांभाळले तिच्या दाराशी जाऊन ते तसेच परत फिरले. त्या दोन्ही घरांतील मंडळी आज ह्या मंडपात एकत्र बसली आहेत, म्हणूनच हे बोलण्याचे धाडस करतो.

करार लिहिला नाही म्हणजे तो नसतो, असे मात्र समजू नये. तुम्ही लिहीत नाही, तेव्हा कायदाच तो तुमच्यासाठी लिहितो. त्याच कायद्याचे 13 वे कलम पाहा. वेगळे ठरले नसेल तर नफातोटा सारखा वाटावयाचा; मग एकाने भांडवलाचे नव्वद हजार घातले असोत आणि दुसऱ्याने दहा. दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्यास पगार नाही. भांडवलावेगळी उसनवार रक्कम दिली तर तिजवर व्याज दरसाल 6 टक्के. एक भागीदार वारला की भागीच संपली. पेढीच्या कर्जास प्रत्येक भागीदार आपल्या घरादारासह जबाबदार. ह्यातील जबाबदारीचे कलम सोडले, तर बाकी सर्व आपल्या सोयीप्रमाणे लिहून बदलता येते.

कागद म्हणजे अविश्वास, असे ज्यांस वाटते त्यांनी आपल्याच जिल्ह्याकडे पाहावे. हरेगावास बेलापूर कंपनीचा साखर कारखाना कंपनीच्या रूपाने चालत होता. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचा कारखाना काढण्याचे मनावर घेतले, तेव्हा धनंजयराव गाडगीळ पहिले अध्यक्ष झाले आणि 1925 च्या मुंबई सहकारी संस्था कायद्याखाली प्रवरेची संस्था नोंदली गेली. पहिला गळीत हंगाम 1950-51 चा. शेअर कितीही असोत, सभासदास मत एकच. तो वारला तरी संस्था चालू. ही माणसे एकमेकांच्या बांधाला बांध लावून राहणारी होती; तरीही पोटनियम आधी लिहिले गेले, ऊस मागून गाळला गेला.

दोघातिघांच्या धंद्यास एवढी मोठी संस्था नको. त्यांस जबाबदारी मर्यादित ठेवावयाची असेल, तर 2008 च्या कायद्याने मर्यादित दायित्व भागीदारी ही वाट खुली केली आहे. दरसाल विवरणपत्रे भरण्याची कटकट मात्र तीत आहे, आणि ती चुकली तर दंड भारी. किराणा दुकानास माझ्या मते नोंदलेली साधी भागी पुरते. नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत लेथ टाकणाऱ्या तरुणांनी मात्र माल देण्यापूर्वीच उद्यम नोंदणी करून ठेवावी. 2006 च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे, लेखी करार असला तरी, 45 दिवसांपलीकडे अडकवून ठेवता येत नाहीत.

भागीपत्राचा एक नमुना मी बरोबर आणला आहे. भोजनोत्तर कार्यालयाच्या ओसरीवर मी बसणार आहे. येत्या पाडव्यास ज्यांचा मुहूर्त ठरला असेल त्यांनी यावे, परंतु एकट्याने येऊ नये. भागीदारास घेऊन यावे, आणि शक्य असल्यास दोन्ही घरच्या गृहिणींसही.