लिफ्ट उचलत नाही? आधी तेल पाहा
(कुडवा, जि. गोंदिया येथील बैठकीतील भाषण)



बैठक धानाच्या मुलखात आणि समोर निम्मे लोक कपाशी-ज्वारीवाले. बांधीतला चिखल वेगळा, काळी माती वेगळी. पण ट्रॅक्टरची लिफ्ट बसली की दोघांचाही जीव सारखाच टांगणीला लागतो. कोरडवाहूत पाऊस पडून वाफसा आला की हातात तीन-चार दिवस. त्या दिवसांत ट्रॅक्टर मिस्त्रीच्या दारात उभा राहिला, तर पेरणी गेली पुढच्या पावसावर. म्हणून मिस्त्रीने लिफ्ट खोलण्याआधी आपण काय पाहायचे, तेवढेच आज सांगतो.

पंप तेल ढकलतो, तेल पिस्टनला रेटते, पिस्टन मागचे हात उचलतो. पिस्टन 9 सेंटिमीटर व्यासाचा आणि दाब दर चौरस सेंटिमीटरला 150 किलो धरा, पिस्टनवर साडेनऊ हजार किलोंचा जोर येतो. हा सारा जोर तेलाचा. तेल कमी आहे, तेल घाण आहे, किंवा तेल कुठून तरी निसटते आहे. बहुतेक दुखणी या तिनात बसतात.

त्याच्याही आधी दांडे पाहा. एक दांडा पोझिशनचा, तो अवजार ठराविक उंचीवर धरतो. दुसरा ड्राफ्टचा, तो ओढ वाढली की अवजार थोडे वर घेतो. ही युक्ती आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनने 1920 च्या दशकात बसवली. त्याआधी मागे ओढायचा नांगर दगडाला अडकला की ट्रॅक्टर पुढून उठून चालकावर उलटायचा. तर नांगराला ड्राफ्ट, पेरणीयंत्राला पोझिशन. पेरताना ड्राफ्ट लावलात तर कडक जागी फण वर येतील, बी उथळ पडेल आणि तुम्ही म्हणाल लिफ्ट बिघडली. मॅसी 1035 सारख्या ट्रॅक्टरचा पंप पीटीओच्या दांड्यावर चालतो. पीटीओ सुटलेला असला तर लिफ्ट हलणारच नाही. अवजार खाली उतरत नसेल, तर सीटखालची उतरण्याचा वेग ठरवणारी चावी कोणी बंद केली का, ते बघा. पोरे फिरवतात.

आता तेल. ट्रॅक्टर सपाट जागी, अवजार जमिनीला टेकलेले, मग पट्टी काढायची. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. इकडे चिखलणीत चाके अर्धी बुडतात, त्यामुळे हे दुखणे जास्त. शंका असेल तर गरम तव्यावर एक थेंब टाका आणि तोंड लांब ठेवा. पाणी असेल तर तडतडेल. फेस दिसला तर पंपाच्या ओढीच्या बाजूने हवा शिरते आहे, किंवा तेलच कमी पडले आहे. आपल्या कपाशीच्या मुलखात पाणी कमी, धूळ फार. झाकण न पुसता उघडले की धूळ आत, आणि आत गेलेली धूळ पंपाला कानसेसारखी घासते. दुसऱ्याची हायड्रोलिक ट्रॉली जोडली की तिच्यातले जुने तेलही आपल्यात येते; ट्रॉली वर असताना आपले तेल तिच्यात जाते, हे पातळी पाहताना ध्यानात ठेवा. पुष्कळ ट्रॅक्टरांत गिअरचे आणि लिफ्टचे तेल एकच असते. म्हणून स्वस्त मिळाले म्हणून कोणतेही ओतू नका. पुस्तकात लिहिलेलेच टाका.

तेल ठीक आहे, तरी उचलत नाही? मग वेळ पाहा. सकाळी थंड असताना लिफ्ट मंद, पंप किंचाळतो आणि दुपारी बरे वाटते, तर आधी जाळी काढून धुवा. ती तुंबलेली असते, नाहीतर तेल जास्त जाड आहे. उलट सकाळी उचलते आणि तेल तापले की बसते, तर पातळ झालेले तेल आतून निसटते आहे. पंप झिजला असेल किंवा सील गेले असेल. रिकामे हात उठतात पण वजन घेत नाहीत, तेव्हा रिलीफ व्हॉल्व्हवरही संशय घ्या. पण त्याचा स्क्रू घरी आवळू नका. जादा दाबाने पाइप फुटतो.

या दोन संशयितांत निवड कशी करायची? अवजार उचला, इंजिन बंद करा, बाजूला उभे राहा. पाहता पाहता अवजार जमिनीला टेकले, तर दोष सिलिंडरच्या सीलमध्ये किंवा व्हॉल्व्हमध्ये. इंजिन बंद असताना पंप काही करतच नाही, मग ही तक्रार पंप बदलून कशी जाईल? तरीही कोणी नव्या पंपाचे बिल पुढे ठेवले तर हा प्रश्न जरूर विचारा, आणि काढलेला जुना माल मागून घ्या. ओ-रिंगची किंमत आणि पंपाची किंमत यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

एक गोष्ट मात्र ओरडून सांगतो. उचललेल्या अवजाराखाली कोणी जायचे नाही. जायचेच झाले तर खाली लाकडी ठोकळे पाहिजेत. लिफ्टवर भरवसा नाही. आणि पाइपची गळती हाताने चाचपायची नाही. सुईएवढ्या भोकातून दाबाचे तेल कातडीत घुसते. वरून टोचल्यासारखे दिसते, आतून मांस कुजते. पुठ्ठा पुढे धरून गळती शोधा, आणि तेल टोचलेच तर दुखण्याची वाट न पाहता त्याच तासाला दवाखाना गाठा.

बाहेर चार ट्रॅक्टर उभे आहेत. अवजारे खाली टेकवा, इंजिने बंद करा. चहा येईपर्यंत पट्ट्या काढून पाहू.