चंबळच्या बीहडात सायकलवर



पिढ्यान्‌पिढ्या ग्वाल्हेरात राहून आपण चंबळचे बीहड पाहिले ते आगगाडीच्या खिडकीतून. दिवाळीनंतर आम्ही तिथे दोन दिवस सायकलने जाणार आहोत: मुरैनामार्गे चंबळकाठ, परतताना सिहोनियाचे ११व्या शतकातील ककनमठ मंदिर.

बीहड म्हणजे पावसाने कातरलेली गाळाची जमीन. ओली माती चाकांत बसते, म्हणून ती वाळू द्यायची. घळीतली पायवाट पुष्कळदा कड्याशीच संपते. गावकऱ्यांना विचारूनच वळायचे. विलायती बाभळीच्या काट्यांसाठी प्रत्येकाकडे दोन ट्यूब, पंप आणि ४ लिटर पाणी हवे.

दुपारी १२ पर्यंत दिवसाचे निम्मे अंतर झाले नाही, तर बीहडात शिरायचे नाही, डांबरी रस्ता धरायचा. बरोबर तुमची मुले असतील. डाकूंच्या गोष्टींपेक्षा आम्हाला धास्ती आहे ती अंधारात चुकणाऱ्या वाटेची. पालकांनी संमतीसह नावे द्यावीत.

गणपती बाप्पा मोरया!